उन्हात पिकवलेली काच

गफूर मिस्त्रीची आणि माझी ओळख थोबाडीतून झाली. मारली त्याने, खाल्ली मी. अकोल्याला स्टेशनच्या पलीकडे त्याचं काचेचं आवार होतं. मी अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या साहेबांच्या ऑफिसातून नकाशांची गुंडाळी काखेत मारून सकाळच्या एस्टीने गेलो होतो. साहेब आर्किटेक्ट. मी त्यांचा ड्राफ्ट्समन, सुपरवायझर आणि वेळ पडली तर हमालही. आवारात पाय टाकला तेव्हा चार माणसं टेम्पोतून दारापेक्षा मोठी काच उतरवत होती. एकाचा पाय घसरला, काच कलली आणि मी भल्या मनाने तिला धरायला हात पुढे केला. कोणीतरी माझी कॉलर धरून मागे ओढलं, काच फरशीवर आदळली आणि त्याच वेळी माझ्या कानाखाली आवाज निघाला.

"पडती काच धराची नाई," मारणारा म्हणाला. मग त्याने आपला डावा पंजा माझ्या तोंडासमोर धरला. करंगळी नव्हतीच, तिच्या शेजारचं बोट अर्धं होतं. "म्या धरली होती," तो म्हणाला, आणि त्याच दमात माणसाला चहा सांगितला. चहा येईपर्यंत त्याने माझ्या काखेतला नकाशा काढून जमिनीवर पसरला, त्यावर चार विटा ठेवल्या आणि त्यातल्या तीन चुका दाखवल्या. तिन्ही खऱ्या होत्या. त्या दिवसापासून त्याने मला नावाने कधी हाक मारली नाही. "ए नकाशा" एवढंच.

माणूस बुटका, पण खांदे दाराच्या चौकटीत अडकतील एवढे. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पांढऱ्या रेघा, जुन्या कापल्याच्या. पायात बारा महिने मिलिटरीतले जाड बूट. लग्नाला जायचा तर शेरवानीखालीही तेच. बूट उतरायचे ते फक्त मशिदीच्या आणि घराच्या दारात. आणि हात सदा उगारलेला. बोलणं संपायच्या आधी हात पोचायचा. ठेकेदार, टेम्पोवाले, स्वतःचा मेहुणा, एकदा तर उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्याचा ड्रायव्हर, सगळ्यांनी त्याच्या हातचं खाल्लेलं. मेहुण्याला का मारलं, तर त्याने काच कापताना बिडी पेटवली होती. ड्रायव्हरला का, तर त्याने गाडी काचा उभ्या करायच्या लाकडी घोडीला टेकवून उभी केली होती. कारण प्रत्येक वेळी असायचं, आणि माराच्या मानाने ते प्रत्येक वेळी लहान असायचं. मी त्याचं समर्थन करत नाही. मला तो माणूस आवडत असूनही त्याची भीती वाटायची, आणि ती शेवटपर्यंत गेली नाही.

घरात मात्र या वाघाची शेळी व्हायची. शमीमभाभी काडीसारख्या होत्या, पण संध्याकाळी तो उंबरठ्यात आला की पहिला प्रश्न त्यांचा, "आज किसको मारा?" तो बूट सोडवत खाली मान घालून नाव सांगायचा. दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या घरी डबा पोचायचा, बहुतेक वेळा खिम्याचा, आणि शाकाहारी असला तर शिऱ्याचा. डबा गफूरनेच नेऊन द्यायचा, हा भाभींचा नियम. "मारताना दुखत नाई तितकं डबा नेताना दुखते," असं तो मला एकदा म्हणाला होता. मलाही शिऱ्याचा डबा आला होता, तो स्वतः एस्टीने थेट अमरावतीला घेऊन आला होता.

पण मी सांगतो आहे ते त्याच्या काचेबद्दल.

मोठ्या दुकानांना, बँकांना जी जाड काच लावतात, तिला आमच्याकडे टफन म्हणतात. ती भट्टीत तापवून एकदम गार केलेली असते. सहजी फुटत नाही, आणि फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे होत नाहीत, सगळ्या काचेचे एकदम खडीसाखरेसारखे दाणे होतात. यात एक खोड असते. हजारात एखाद्या काचेच्या पोटात टाचणीच्या टोकापेक्षा बारीक खडा राहून गेलेला असतो. डोळ्याला दिसत नाही. पण काच तापू लागली की तो आतल्या आत फुगतो आणि एका दुपारी, कोणी हात न लावता, काच बंदुकीसारखा आवाज करून फुटते. कारखान्यात ही खोड हेरायची भट्टी असते म्हणे, पण आमच्या भागात येणाऱ्या मालाला ती कुठली. गफूरने त्यावर आपला इलाज काढला होता. हैदराबादेहून माल आला की तो लावायचा नाही. आवारात लाकडी घोड्यांवर काचा उभ्या करायच्या आणि पुरा उन्हाळा उन्हात ठेवायच्या. अकोल्याचा उन्हाळा म्हणजे भट्टीच. चैत्र-वैशाखात त्या आवारात अधूनमधून धडाम आवाज व्हायचा, शेजारपाजारचे दचकायचे, आणि गफूर खुशीत म्हणायचा, "गेली एक कच्ची." उरलेल्या काचांवर खडूने फुली मारायची. त्या पिकल्या. मगच त्या कोणाला द्यायच्या.

हे कोणाला पटायचं नाही. गिऱ्हाईक आज पैसे देतं आणि काच उद्या मागतं. राजापेठेत कपड्यांच्या एका शोरूमवाल्याला दिवाळीच्या आत काच हवी होती. गफूर म्हणाला, या काचेला अजून उन्हाळा लागला नाही. शोरूमवाल्याने चार माणसं पाठवून आवारातून काच उचलून नेली. त्यात गफूरचं डोकं फुटलं आणि त्या चारांपैकी एकाचा हात मोडला. पुढच्या वैशाखात ती काच भर दुपारी फुटली. ही बातमी ऐकून गफूर मोठ्या ऐटीत माझ्यासोबत राजापेठेत आला, शोरूमवाल्याच्या तोंडावर हसायला. दुकानात गेलो तर दाण्यांचं एक चिकटलेलं ढेकूळ कामावरच्या मुलीच्या खांद्यावर पडून तिला टाके पडलेले, ती खांदा धरून स्टुलावर बसली होती. गफूर हसला नाही. तिच्याकडे बघून तसाच मागे फिरला आणि त्याने अकोल्याची बस पकडली.

आता मशिदीकडे येतो. मूर्तिजापूरच्या पुढे अकोल्याच्या रस्त्यावर एक फाटा आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण या गोष्टीतली बरीच माणसं अजून तिथेच राहतात. ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. कापूस गेला होता, त्याच्यामागे सरकी काढायचं जिनिंग गेलं, जिनिंगमागे हमाली, टपऱ्या, सगळंच. धडधाकट माणसं सकाळपासून फाट्यावर बसलेली दिसायची आणि संताप कोणावर काढावा हे कोणालाच कळत नव्हतं. बंद पडलेल्या अशाच एका जिनिंगचे मालक हाजीसाहेब. त्यांनी त्या जागेवर मशीद बांधायला काढली आणि आमच्या साहेबांना सांगितलं, पश्चिमेची भिंत विटेची ठेवा, बाकी तिन्ही बाजूंनी काच. साहेबांनी कारण विचारलं. हाजीसाहेब म्हणाले, आत काय चालतं असं लोक विचारतात, या बघा म्हणायचीही गरज पडू नये, जाता जाता दिसलं पाहिजे.

साहेब खूश झाले. गावातले खूश झाले नाहीत. मशिदीच्या कमिटीतले म्हणाले, काचेची मशीद म्हणजे दगडाला आवतण. निदान बाहेरून लोखंडी जाळी लावा. या जाळीवरून गफूरने कमिटीच्या दोन माणसांशी झटापट केली. तरीही काम त्याच्याकडेच राहिलं, कारण एवढ्या मोठ्या काचा बसवणारा दुसरा माणूस अकोल्यापासून अमरावतीपर्यंत नव्हता. दीड वर्ष चाललं. उत्तर-दक्षिणेच्या भिंती झाल्या, पूर्वेची, म्हणजे रस्त्याकडची, खालची रांग झाली. रस्त्याने जाणाऱ्या बसमधली माणसं एका बाजूला झुकून बघायची. राहिली फक्त पूर्वेची वरची रांग, आठ काचा. त्या काचा पावसाळा संपताना आल्या, आणि रमजान होता हिवाळ्याच्या तोंडाशी.

गफूरने सरळ सांगितलं की या आठ काचा पुढचा उन्हाळा खाल्ल्यावर लागतील. हाजीसाहेब स्वतः अकोल्याला आले. मी तिथे होतो. त्यांचं हृदयाचं दुखणं तेव्हा फार वाढलं होतं, आवारातल्या बाजेवर ते दम खात बसले आणि म्हणाले, "गफूर, अगला रमजान मैं देखूंगा नहीं. एक बार पढ़ने दे." गफूरने हात मारला तो घोडीच्या लाकडावर. बराच वेळ तो त्या आठ काचांभोवती फिरला, प्रत्येकीला वळलेल्या बोटाने टकटक करून कान लावला. त्याने काही कळत नाही हे त्यालाही माहीत होतं. मग म्हणाला, भरा टेम्पो. त्या आठांवर खडूची फुली नव्हती. हाजीसाहेबांनी तो रमजान पढला, आणि मोठी गंमत म्हणजे त्यानंतरचेही बरेच पढले.

मशिदीसमोर रस्त्यापलीकडे गजानन नावाच्या शेतकऱ्याचं शेत आणि शेताच्या तोंडाशीच घर, गोठा. सकाळी सूर्य वर आला की पूर्वेच्या काचेवरून उन्हाचा झोत सरळ त्याच्या गोठ्यात जायचा. आम्ही नकाशावर सगळं काढलं होतं, हे काढलं नव्हतं. ती चूक माझी आणि साहेबांची. एका सकाळी जुंपताना तो झोत बैलाच्या डोळ्यांत गेला, बैल बुजला आणि त्याचं शिंग गजाननच्या मांडीत घुसलं. महिनाभराने लंगडत उठल्यावर गजानन पहार घेऊन मशिदीवर आला. गफूर तेव्हा शिडीवर सांधे भरत होता. तो उतरला, आणि दोघे गिट्टीत लोळले. गजाननने त्याचा कान चावला, गफूरने डोक्याच्या धडकेने त्याचे पुढचे दोन दात पाडले. चहाच्या टपरीवाल्याने आणि आणखी पाचसहा जणांनी ओढून वेगळं केलं तेव्हा दोघांच्या तोंडातून रक्त गळत होतं. गजानन फाट्यावरच्या सगळ्या लोकांदेखत म्हणाला, "एक दिवस दगडानं फोडतो तुही मशीद, पाह्य."

दुसऱ्या दिवशी भाभींच्या हुकमाने गफूर डबा घेऊन गेला. सोबत बांबूचे तट्टेही नेले आणि गोठ्यासमोर आडोसा करून दिला, म्हणजे उन्हाचा झोत आत जाणार नाही. गजाननने डबा रस्त्यावर फेकला आणि तट्टे उपटून पेटवले. त्यानंतर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं की थुंकायचं, असा रिवाज पडला.

त्यानंतरच्या वैशाखातला एक शुक्रवार. साहेबांनी मला नमाजाआधी हातपाय धुवायच्या वजूखान्यावरच्या छपराचं माप घ्यायला पाठवलं होतं. नमाज चालू होती म्हणून मी समोरच्या टपरीवर चहा घेत बसलो. ऊन असं होतं की डांबराला चपला चिकटत होत्या. आत दोनअडीचशे माणसं पश्चिमेकडे तोंड करून, काचेकडे पाठ करून बसलेली दिसत होती. रस्त्याने गजानन बैलांसाठी सरकीच्या ढेपेचं पोतं कॅरिअरवर लादून, मांडीमुळे लंगडत, सायकल हातात धरून चालला होता. त्याचे दोन्ही हात हँडलवर होते. हे मी पाहत होतो. दुसरं काही पाहण्यासारखं त्या रस्त्यावर नव्हतंच.

मग तो आवाज झाला. वरच्या रांगेतली चौथी काच एका क्षणात पांढरी झाली आणि खाली आली. शेवटच्या ओळीतल्या म्हाताऱ्यांच्या अंगावर. आरडाओरडा झाला, एक म्हातारा डोकं धरून उठला, त्याच्या पांढऱ्या कुर्त्यावर रक्त आलं. लोक वळले आणि त्यांना वर फुटकी चौकट दिसली, खालच्या काचेतून रस्ता, आणि रस्त्यावर गजानन.

कोणी विचारलं नाही, विचारायला काही उरलंच नव्हतं. त्याने फाट्यावर सांगूनच ठेवलं होतं. माणसं अनवाणी बाहेर आली. पहिल्यांदा सायकल गेली, मग तो. पोतं फुटून ढेप रस्त्यावर सांडली. त्याला लाथा बसल्या, मग कोणीतरी मशिदीपुढच्या मांडवाचा बांबू उपसून आणला, आणि मग मला फक्त पाठी दिसत होत्या आणि बांबू वरखाली होताना दिसत होता. त्याचा जबडा मोडल्याचा आवाज मला टपरीपर्यंत ऐकू आला. मी टपरीच्या मागे, पाण्याच्या ड्रमच्या आड उभा होतो. मी हिंदू, एकटा, हातात मापाची टेप. मी बोललो तर मलाही धरतील, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी बोललो नाही.

गफूर आतच, नमाजीत होता. तो सगळ्यांच्या मागून आला, कारण तो आधी फुटलेल्या जागी गेला होता. दाण्यांच्या ढिगात हात घालून त्याने दोन तुकडे शोधले होते. अशी काच आपोआप फुटली की जिथून फुटते तिथले दोन तुकडे एकमेकांना जोडून राहतात, आणि मधोमध तो बारीक खडा असतो. ते दोन तुकडे मुठीत धरून, अनवाणी, काचेच्या दाण्यांवरून चालत तो बाहेर आला. त्याचे पाय लाल झाले होते. गर्दीत शिरताना त्याने हातांनी, डोक्याने, गुडघ्यांनी वाट केली. आपलीच माणसं आडवी केली. गजानन खाली पडला होता, त्याच्यावर तो दोन्ही पाय फाकवून उभा राहिला.

"इसने नहीं मारा," तो ओरडला. "काँच कच्चा था. मैंने लगाया. गलती मेरी है."

मी त्याला चूक कबूल करताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. इतरांनीही ऐकलं नसावं, म्हणून कोणाला खरं वाटेना. कोणी म्हणालं, मिस्त्री घाबरला. कोणी म्हणालं, त्याने याच्याकडून काही घेतलं असेल. दगड कुठे आहे ते दाखवा, असं गफूर म्हणाला, तर उत्तर आलं की आत पडला असेल, सापडेल. मागची माणसं पुढे रेटत होती. गफूरच्या तोंडावर एक बसली, दुसरी बसली. दोन तुकडे तो मुठीतून दाखवत होता, पण टाचणीच्या टोकाएवढा खडा त्या गर्दीत कोणाला दिसणार.

मग त्याने रस्त्याच्या कडेच्या गिट्टीतून मुठीएवढा दगड उचलला. गजानन जिथे होता तिथूनच, सगळ्या लोकांच्या डोक्यावरून, त्याने तो मशिदीच्या काचेवर मारला. खालच्या रांगेतल्या, पिकलेल्या काचेवर. दगड ठण्ण करून उडाला आणि रस्त्यावर येऊन पडला. काचेला ओरखडाही नाही. त्याने दुसरा मारला. तोही परत आला. तिसरा त्याने दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाचा जोर लावून मारला, आणि तोही परत आला.

"बोलो," तो म्हणाला, "यहाँ से कौनसे दगड से फूटा?"

पुढचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. बांबू खाली आला. मला वाटलं, संपलं. पण गल्लीतून मागाहून धावत आलेल्यांनी आधीचं काही ऐकलं नव्हतं. त्यांनी एवढंच पाहिलं की एक रक्ताळलेला माणूस मशिदीवर दगड मारतो आहे. त्यांच्यातल्या एकाने मागून लोखंडी नळी घातली. गफूरचा उजवा हात कोपराच्या वर आणि खाली मोडला. तो गजाननच्या अंगावरच पडला, आणि नळी आणखी दोनदा बसली तरी तो बाजूला झाला नाही. पुढच्यांनीच मग त्या नळीवाल्याला आवरलं. हाजीसाहेब काठी टेकत आले आणि सांडलेल्या ढेपेत बसून रडायला लागले.

पोलीस आले, दोघांना एकाच जीपमध्ये घालून अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. संध्याकाळी दुसऱ्या बाजूची माणसं उठली. तिकडे बातमी पोचली होती की गजाननला गफूर मिस्त्रीने मारलं. त्यांची जुनी मारामारी सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे तिकडेही कोणी विचारलं नाही. फाट्यावरची दोन दुकानं जळाली, एक शिंप्याचं आणि एक सायकलवाल्याचं. त्या दोघांचा या भानगडीशी काही संबंध नव्हता. गजाननचा जबडा तारेने बांधला होता, त्याला बोलता येत नव्हतं. त्याने पाटीवर लिहून पोलिसांना सांगितलं तेव्हा कुठे निवळलं, पण दुकानं तोवर जळाली होती.

हाताला प्लास्टर घेऊन गफूर घरी आला, आणि आल्यावर पहिलं काम त्याने हे केलं की कमिटीला निरोप पाठवला: त्या लॉटच्या सात काचा अजून भिंतीत आहेत, त्या काढा. कमिटी म्हणाली, उन्हाळा संपत आला, पुढे बघू. नव्या काचा कुठून आणायच्या, आता तर जाळीच लावू. गफूर स्वतः गेला. जाळीने काच फुटायची थांबत नाही, असं त्याने सांगून पाहिलं. पुढच्या वेळी फुटली तर कोणाला धराल, असं विचारलं. रस्त्यावर कोणी ना कोणी असणारच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यानंतर आठेक दिवसांनी आमच्या ऑफिसात त्याचा फोन आला. "ए नकाशा, उद्या फाट्यावर ये. शिडी धराची हाये." मी साहेबांना न विचारता मोटरसायकल काढली.

तो एस्टीने आला होता. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात लोखंडी टोचणी. त्याने आत बसलेल्यांना उठवून बाहेर काढलं, सतरंज्या गोळा करायला लावल्या आणि शिडी लावली. मी शिडी धरली. काचेच्या मधे कितीही मारा, ती सोसते. कोपऱ्यावर टोचलं की संपली. गफूरने पहिल्या काचेच्या कोपऱ्यावर टोचणी मारली. डावा हात, तीनच बोटं, नेम चुकला. दुसऱ्यांदा मारली आणि काच आवाज करून त्याच्या डोक्याखांद्यावरून खाली आली. लोक जमले. शिव्या सुरू झाल्या. कमिटीचा एक जण म्हणाला, अल्लाच्या घराची मोडतोड करतोय, धरा त्याला. एक चप्पल शिडीवर येऊन आदळली. कोणी जवळ मात्र आलं नाही, कारण वरून काच पडत होती. हाजीसाहेब दारात खुर्ची टाकून बसले होते. ते एवढंच म्हणाले, "करने दो उसको."

एकेका काचेला तो दमत होता. शिडी सरकवायची, चढायचं, टोचायचं, दाणे अंगावर घ्यायचे. त्याच्या कपाळावरून रक्त येत होतं ते तो प्लास्टरला पुसत होता. पाचव्या काचेला टोचणी त्याच्या हातातून सुटली, ती मी उचलून दिली. सातवी फुटली तेव्हा समोरची सगळी वरची रांग मोकळी झाली होती आणि गरम वारा आत जात होता. त्यात पुढची नमाज झाली. कोणी त्याला पाणी विचारलं नाही. मीही आणलं नाही, सुचलंच नाही.

तो रस्ता ओलांडून गजाननकडे गेला. गजानन ओसरीवर बाजेवर पडला होता, तोंड तारेने बांधलेलं. सगळं त्याने तिथून पाहिलं होतं.

"राह्यली नाई आता एकही," गफूर त्याला म्हणाला. "आता तुह्यावर कोणी आळ घेनार नाई. झोपत जा."

गजाननने त्याच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यात माफी होती की नव्हती, मला सांगता येणार नाही. गफूरही थांबला नाही.

मी मोटरसायकल सुरू करून रस्त्याच्या कडेला उभा होतो. म्हटलं, चला मिस्त्री, अकोल्यापर्यंत सोडतो. तो जवळ आला. केसांत, भुवयांत काचेचे दाणे होते.

"त्या दिवशी तू टपरीवर होता ना?"

मी हो म्हणालो.

"गजाचे हात कोठी होते?"

"सायकलीवर. दोन्ही."

"म्हंजे तुले दिसलं."

मी पुन्हा हो म्हणालो. इंजिनाचा आवाज होत होता, तरी त्याला ऐकू आलं.

"म्या अल्लाच्या घरावर तीन दगड मारले," तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "वर ह्याचा जवाब मलेच द्या लागन. तुले तं नुसतं तोंड उघडाचं होतं."

मी मागची सीट हाताने पुसली. तो बसला नाही. फाट्यापर्यंत उन्हातून चालत गेला, मोडका हात पोटाशी धरून. बस आली. कंडक्टरने खाली वाकून त्याला डाव्या हाताला धरून वर ओढलं, दार लागलं आणि बस अकोल्याकडे निघून गेली. त्यानंतर मी अकोल्याला दोनदा गेलो. दोन्ही वेळा शमीमभाभींनी चहा दिला आणि तो घरात नाही असं सांगितलं. दारात त्याचे बूट होते.